ओढ्याकाठचा कॅमेरा

शनिवार, सकाळचे साडेसहा. नेरलेवाडीचा ओढा. समोर रसायनाच्या कारखान्याची मागची भिंत.

“...मग कोणता घेऊ, सर?”

प्रणित हिरवेने तिसऱ्यांदा विचारलं. धुळप सर काठावर बसून पाण्याकडे बघत होते. आयुष्यभर त्यांनी बातम्यांचं चित्रण केलं होतं. आता गावातल्या पोरांना शिकवत.

कारखान्याला सील ठोकलंय, असं अधिकारी सांगत होते. वीजही तोडलीय, असंही सांगत होते. ओढ्याला हे कोणी कळवलं नव्हतं. पाणी काळंच होतं, आणि वाडीची विहीरही काळी पडत चालली होती.

सोमवारी त्याच अधिकाऱ्यांपुढे वाडीच्या तक्रारीची सुनावणी होती. पुरावा नसेल तर तक्रार निकाली काढू, असं साहेबांनी बजावलं होतं. प्रणित दारातली म्हैस विकून कॅमेरा घ्यायला निघाला होता.

“शहरातल्या दुकानात बघून आलोय,” तो म्हणाला. “नवशिक्यासाठी स्वस्तात मस्त आहे म्हणे. झूम असा, की चंद्रावरचे खड्डे दिसतात.”

“चंद्रावर कोण पाणी सोडतंय?”

प्रणित हसला नाही.

“दुकानदाराला काय सांगितलंस? कशाला हवाय म्हणून?”

“खरं तेच. या कारखान्याचं चित्रण करायचंय.”

“छान. आणखी कोणाला सांगायचं राहिलं?”

...

“सर, तुम्ही उगाच प्रत्येकावर संशय घेता.”

“तू घेत नाहीस, म्हणून मला दोघांच्या वाटचा घ्यावा लागतो. आतापर्यंत काय टिपलंस, दाखव.”

प्रणितने मोबाइल पुढे केला. त्याने कोर्स केला होता, प्रमाणपत्र होतं, आणि चित्रण खरंच देखणं होतं. मोठं फाटक. फाटकाला साखळी. साखळीला कुलूप. कुलपावर लाखेची मोहोर, अगदी जवळून. उन्हात चमकणारी.

“कसं आहे?”

“उत्तम. मालकाला नेऊन दे. तो तुझा सत्कार करील.”

“म्हणजे?”

“कारखाना बंद असल्याचा इतका स्वच्छ पुरावा सरकारकडेही नसेल.”

प्रणितचा चेहरा उतरला. मग चढला.

“म्हणूनच तर चांगला कॅमेरा पाहिजे! याच्यात काही येत नाही.”

“काय यायला पाहिजे?”

“पाणी सोडताना दिसलं पाहिजे.”

सरांनी बोट दाखवलं. भिंतीच्या बुडातून एक लोखंडी पाइप निघाला होता. त्याचं तोंड ओढ्याच्या पाण्याखाली बुडवलेलं होतं.

“तुझ्या चंद्रवाल्याला हे दिसेल?”

...

सरांनी खिशातून एक बारीक माइक काढला. सदऱ्याला लावतात तसला, लांब वायरीचा.

“हा घे.”

“मी कॅमेऱ्याचं विचारतोय, तुम्ही माइक देताय. कुठल्या दुकानाचं कमिशन आहे सर?”

“आता कसं! जमायला लागलं तुला.”

सर उठले. माइक पाइपावर टेकवला, वरून रुमाल गच्च गुंडाळला. वायर प्रणितच्या मोबाइलला जोडली आणि तिच्याच दुसऱ्या फाट्याचा इअरफोन त्याच्या हातात दिला.

“व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू कर. आणि ऐक.”

वरच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते. त्यांच्या गाण्यांपुढे दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. प्रणितने इअरफोन कानात घातला. आधी तो वैतागलेला दिसला. मग त्याने डोळे मिटले.

“सर... घरघर येतेय.”

“कसली?”

“मोटारीची. आत मोटार चालू आहे.”

त्याने भिंतीकडे पाहिलं. भिंत तशीच होती. बंद.

“पण आवाज म्हणजे पुरावा नाही, सर. साहेब म्हणतील, घरच्या पंपाचा आवाज भरून आणलास. काहीतरी दिसायला नको?”

“नको कोण म्हणतंय?”

“मग काय दाखवू? भिंत?”

तेवढ्यात ओढ्यावरच्या पुलावर एक मोटारसायकल येऊन थांबली. बसलेल्या माणसाने पाय टेकले. भरलेलं पोट, पांढरा शर्ट. तो थेट यांच्याकडेच बघू लागला.

“कोण आहे?” सरांनी विचारलं.

“माहीत नाही. काल दुकानातही होता...” प्रणित चाचरला. मोबाइल खिशात घालायला त्याचा हात वळला.

सरांनी त्याचं मनगट धरलं. हात वर उचलला आणि मोबाइल पुलाकडे वळवला.

“सर, तो बघतोय!”

“बघू दे. तूही बघ.”

“झूम करू?”

“काही करू नकोस. हलू नकोस.”

मोबाइलच्या काचेवर पूल होता, मोटारसायकल होती, माणूस होता. बोटाएवढा, पण स्वच्छ. त्याने खिशातून फोन काढला. कानाला लावला. दोनचार शब्द बोलला.

प्रणितने दचकून इअरफोनवर बोट दाबलं.

“सर...”

“काय झालं?”

“घरघर थांबली.”

पुलावरच्या माणसाने फोन खिशात ठेवला.

रेकॉर्डिंग चालूच होतं. सरांनी त्याचं मनगट सोडलं.

“सील ठोकलेल्या कारखान्यात कोणीतरी फोन उचलला.”