बाभळीच्या बांधावरच्या खारी

झाडंसुद्धा एकमेकांना हाका मारायची, तेव्हाची गोष्ट. झाडाच्या ढोलीत आवळा टाकायच्या खेळात बाभळीच्या बांधावरच्या खारींनी उंदीर, सरडे सगळ्यांना हरवलं. मग त्यांना वरच्या रानातून वानरांचं बोलावणं आलं. ज्यांचे दहा आवळे आधी पडतील ते जिंकले, आणि खारी हरल्या तर पुन्हा वानरांच्या मैदानात पाय ठेवायचा नाही, अशी अट.

मैदान कसलं, नुसती हिरवळीची गादी. खारींची म्होरकी चिंगी तर पाय टाकताच सुखावली. खारी आपल्या जागच्या जागी उभ्या राहून आवळ्याची वाट बघायच्या, आणि वानरं लांब हात करून तो वरच्यावर पळवायची. बघता बघता वानरांचे आठ झाले, खारींचा एकही नाही.

"बायांनो, जाताना शेपट्यांनी मैदान तेवढं झाडून जा," हुप्प्या वानर म्हणाला.

चिंगीच्या जिव्हारी लागलं. तिने मान खाली घातली, तर गवतात आरामात रुतलेले आपलेच पाय दिसले. बांधावर असं उभं राहायची सोय कुठली? थांबलं की बाभळीचा काटा टोचायचाच.

"पोरींनो, खाली काटे आहेत असं समजून खेळा गं," ती म्हणाली.

मग एकही खार थांबेना. आवळा हाती आला की पुढे, आला की पुढे, वानरांच्या पायांमधून. वानरं वाकेपर्यंत तो ढोलीत. ओळीने दहा पडले; वानरांच्या आठाचे नऊ काही झाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी खारी खेळायला आल्या, तर वानरं त्या गादीवर बाभळीचे काटे पसरत होती.

"चिंगीबाई," हुप्प्याने विचारलं, "एवढे पुरेत, की अजून दाट टाकू?"