बॉनेटखालची गादी

एकदा एका वृद्ध मिस्त्रीने आपल्याच शिष्याने केलेल्या सुबक कामावर भरदिवसा कात्री चालवली. शिष्य चांगला तिशीतला, दोन लेकरांचा बाप. तरी त्याच्या डोळ्यांत पाणी यायचेच काय ते बाकी राहिले होते.

काम होते एका पिकअपचे. घाटाखालच्या गावातला एक फुलांचा व्यापारी ती स्वतः चालवी. संध्याकाळी झेंडू-शेवंती भरून शहराच्या बाजारात न्यायची आणि पहाटे रिकामी गाडी घेऊन घरी परतायचे, असा त्याचा क्रम. एके दिवशी तो गावातल्याच या गॅरेजात आला आणि म्हणाला, "बॉनेटच्या आतून गादी बसवून द्या. पहाटे गाडी अंगणात शिरते तेव्हा फार आवाज करते. आबा झोपलेले असतात." एवढे बोलून तो उगाचच टायरकडे पाहू लागला.

वडिलांचे नाव काढताना तो का अवघडतो, हे गावाला ठाऊक होते. गेल्या वर्षी त्याची आई गेली तेव्हा तो बाजारात होता. घरी पोचला तोवर आईला न्यायची तयारी झाली होती. दुःखाच्या भरात म्हातारा बोलून गेला, "तुला आईपेक्षा गाडी मोठी." झाले! मुलाने अबोला धरला आणि बापाने तो पाळला. घरात आता बाप-लेक दोघेच, एकाच चुलीवरचे जेवणारे, पण एकमेकांशी शब्द म्हणून नाही. आपल्याकडे अबोला ही मोठ्या निष्ठेने सांभाळायची गोष्ट आहे. माणसे उपवास मोडतील, अबोला मोडणार नाहीत.

शिष्याने गादी बसवली. जाड काळ्या नमद्याची, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीची, इंजिनाकडच्या अंगाला चंदेरी कागद लावलेली. कोपरे मापात कापले, एकेक क्लिप दाबून बसवली. इंजिनाची धग वरच्या पत्र्यापर्यंत पोचेना, बॉनेटचा रंग करपायचा थांबला आणि आवाजही निम्मा मेला. व्यापारी खूश झाला.

काही दिवसांनी त्याचे वडील काठी टेकत गॅरेजात आले.

"मिस्त्री, गाडी बिघडलीया. इंजन तापंना."

शिष्याला हसू आवरेना. "आजोबा, न तापणारं इंजिन लोक नवसानं मागतात!"

"आं?" म्हाताऱ्याने कानामागे हात धरला. शिष्याने तेच पुन्हा मोठ्याने सांगितले. तरी म्हातारा नुसता त्याच्या ओठांकडे पाहत राहिला.

तेव्हा वृद्ध मिस्त्री उठला आणि म्हाताऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "तापत नाही हे कळलं कसं, आबा?"

"हात लावतो की रोज! पहाटं उठायचं, बॉनेटवर हात ठिवायचा. ऊन लागलं तर पोरगं आत्ताच आलंय, जागं असंल. मग चहा करून झाकून ठिवायचा. गार लागलं तर कवाच झोपलंय, भांडं वाजवायचं न्हाई. आता रोजच गार लागतंय." म्हातारा आपल्या तळहाताकडे पाहत म्हणाला, "तेवढीच त्याची ऊब लागत व्हती हाताला."

शिष्याचे हसू मावळले. मिस्त्रीने "दुरुस्त करून देतो" एवढेच म्हाताऱ्याला सांगितले आणि दुपारी व्यापाऱ्याला गाडी घेऊन बोलावले. गाडी येताच त्याने बॉनेट उचलले आणि कुणाला काही कळायच्या आत गादीच्या मधोमध पंजाएवढा तुकडा कापून काढला.

"वस्ताद!" शिष्य ओरडलाच. "माझं कुठं चुकलं ते तरी सांगायचं!"

"आणि माझा रंग?" व्यापारी चिडला. "तिथं डाग पडणार आता!"

"पडू दे," मिस्त्री म्हणाला. मग तो शिष्याकडे वळला. "तुझं काम चोख आहे. पण धग कुठे अडवायची एवढंच आपण पाहिलं. ती कुणाच्या हाताला हवी होती, हे विचारलं नाही." आणि व्यापाऱ्याला म्हणाला, "तुझे वडील रोज पहाटे या पत्र्यावर हात ठेवून तू आलास का ते बघतात. त्यांची झोपमोड नको म्हणून तू आवाज मारलास. पण बाबा, तो आवाज त्यांना ऐकूच येत नव्हता. त्यांच्यापर्यंत पोचत होती ती एवढी ऊब. तीही आपण बंद केली."

व्यापाऱ्याने गादीतल्या भोकातून पत्र्याला हात लावून पाहिला. "चहा बंद झाला," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, आता तेवढंही त्यांना नकोसं झालं." मग एकदम मान वर करून त्याने विचारले, "ऐकू येत नाही? आबांना? कधीपासून?"

या प्रश्नाचे उत्तर त्या घरात असायला हवे होते. ते गॅरेजात कोण देणार? व्यापाऱ्याला ते समजले असावे. त्याचा चेहरा कसानुसा झाला. गाडी तशीच उघडी टाकून तो पायीच घराकडे निघाला. शिष्य हाक मारायला पुढे झाला, तेव्हा मिस्त्रीने त्याचा दंड धरला.

"मग हा तुकडा परत चिकटवू का?" शिष्याने विचारले. "आता बोलतील की ते."

"बोलतील. पण वर्षभराचं साचलंय आणि कान गेलेत. ओरडून ओरडून माणूस किती बोलणार? राहू दे ती जागा."

शिष्याने मान डोलावली. मग कात्री घेऊन, घाईत वेड्यावाकड्या कापल्या गेलेल्या त्या भोकाच्या कडा तो नीट, गोलाकार करत बसला.

अबोला धरलेल्या घरांतही माणसे म्हातारी होतच असतात. फक्त ती एकमेकांना तसे सांगत नाहीत.