खारट तीर्थ

मंडळी, जरा सैल होऊन बसा आणि ऐका. खाडीच्या काठी मीठपाडा नावाचं गाव होतं. एका अंगाला भरतीचं पाणी, दुसऱ्या अंगाला पांढरीशुभ्र मिठागरं, आणि मधोमध गणपतीचं छोटं देऊळ. त्या देवळाच्या मंडपात एका हिवाळ्यात वाळूबुवा महाराज मुक्कामाला होते. वाळूत बसायचे, वाळूतच निजायचे, म्हणून वाळूबुवा. आईबापांनी ठेवलेलं नाव महाराजांना तरी आठवत होतं की नाही, देव जाणे! रोज दिवेलागणीनंतर महाराज कीर्तनाला उभे राहत आणि सगळं गाव मंडपात लोटे.

गावाने कीर्तनाला एक शिस्त लावून घेतली होती. ज्याला डुलकी लागेल, त्याने कीर्तन संपेपर्यंत उभं राहायचं. ही शिस्त सांभाळत अंताजी खोत. गावातली मिठागरं त्यांची, मंडपाचं छप्परही त्यांनीच घातलेलं, मग बोलणार कोण? वेताची छडी घेऊन ते बसलेल्या लोकांमधून फिरत आणि कोणाची मान कलली की खांद्यावर टकटक करीत. "आजवर कीर्तनात माझी पापणी लवलेली नाही," असं चारचौघांना ऐकवल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे.

आणि या छडीला रोज सापडे तो बिचारा जोमा.

जोमा खोतांच्याच मिठागरात राबे. हिवाळ्यात मिठागराची जमीन अनवाणी पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावी लागते, तेव्हा कुठे पुढे मीठ धरतं. टाचांच्या भेगांत ते खारं पाणी शिरलं की जीव नकोसा होई. दिवस कसाबसा जाई, पण अंथरुणाला पाठ टेकली की तळपाय पेटत. या कुशीवरून त्या कुशीवर, पाय गार भिंतीला लाव, ओल्या फडक्यात गुंडाळ. त्याची बायको हिरूबाय खोबरेल चोळून चोळून थके. डोळ्याला डोळा म्हणून लागत नसे. आणि झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी तेच पाय दुपटीने ठणकत. पायांपायी झोप नाही, झोपेवाचून पायांना उतार नाही, अशा कात्रीत तो गरीब जीव सापडला होता.

त्याला थारा एकच. मंडपात बसावं, महाराजांचा आवाज कानावर पडावा, की पायांची आग हळूहळू निवत जाई. आग निवली की डोळे मिटत. मिटणार नाहीत तर काय, बाबांनो? कित्येक रात्रींची झोप साचून राहिलेली! पण डोळे मिटले की छडी हजर. मग जोमा तसल्या पायांवर कीर्तनभर उभा, आणि घरी जाई तो पाय आणखी सुजवून.

एके दिवशी खोतांनी भर मंडपात सुनावलं, "देवाच्या दारात झोपा काढतोस होय रे? उद्या डुलकी लागली तर या मंडपाची पायरी चढायची नाही!" लोक खो खो हसले. जोमाला मात्र घोर लागला. महाराजांचं कीर्तनच तुटलं, तर त्याला दुसरं उरलं होतं काय?

दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या परीने तोड काढली. झोप यायलाच नको म्हणून तो पहिल्यापासूनच खांबाला धरून उभा राहिला. पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे भाजत होते, पण त्याने दातओठ खाऊन सोसलं. महाराजांनी नामाचा गजर सुरू केला, टाळ लागले, आणि जोमा उभ्या उभ्याच झोपला! खांबावरचा हात सुटला आणि तो धाडकन खोतांच्या पुढ्यात कोसळला.

"ऊठ! चालता हो!" खोतांनी छडी उगारली.

"थांबा, खोत." टाळ थांबले. महाराज येऊन जोमाशेजारी जमिनीवर बसले. "जोमा, पोटभर झोपून किती दिवस झाले रे?"

"आठवत नाय, म्हाराज. पाय झोपू देत नाय, आन् झोप झाली नाय का पाय जास्तीच पेटतात. मी तरी काय करू? मना हाकलू नका!" आणि तो बाप्या माणूस लेकरासारखा रडू लागला.

महाराजांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "खोत, तुमची शिस्त मोडायची नाही. पण याच्या वाटचं आज मी उभा राहतो."

"तुम्ही तर रोज उभेच असता की!" खोत कुत्सितपणे हसले.

"मग अडचण कसली?" असं म्हणून महाराजांनी जोमाला आपल्या आसनावर निजवलं, अंगावरची घोंगडी त्याला पांघरली आणि त्याच्या तळव्यांवरून एकवार हात फिरवला. जोमा घोरू लागला!

मिठागरातला गडी महाराजांच्या आसनावर! खोतांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कीर्तन पुढे सुरू झालं. आवाज तोच, गोडी तीच. फक्त एरवी नाचत कीर्तन करणारे महाराज आज एका जागी उभे होते आणि भार कधी या पायावर, कधी त्या पायावर घेत होते. 'म्हातारपण!' खोत मनाशी म्हणाले.

कीर्तनानंतर महाराजांचे पाय धुवायचे आणि ते तीर्थ पहिल्यांदा आपण घ्यायचं, हा मान खोतांचा. त्यांनी विहिरीचं गोडं पाणी घातलं, पाय हातात घेतला आणि थबकले. काल हेच तळवे लोण्यासारखे होते. आज टाचांना भेगा पडल्या होत्या, भेगांतून रक्त येत होतं. गोंधळून खोतांनी ओंजळ तोंडाला लावली.

खारट! जन्मभर मीठ विकलेल्या माणसाला त्या चवीची ओळख कोणी करून द्यायला नको होती. ते तसेच आसनाकडे धावले आणि घोंगडीचं टोक उचललं. जोमाचे तळवे लहान मुलासारखे कोवळे झाले होते.

"महाराज, हे त्याचं दुखणं..." खोत महाराजांकडे वळून म्हणाले.

"त्याचं कुठलं? तुमच्या मिठागराचं," महाराज म्हणाले. "आजची रात्र मी सांभाळतो. उद्यापासून ते पुन्हा कोणाच्या पायांत शिरू नये, एवढं तुम्ही बघा."

खोतांच्या डोळ्यांना धारा लागल्या. ते महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले, तसे महाराजांनी पाय मागे घेतले. "नको रे बाबा, फार ठणकतायत! तिकडे पडा पाया. पण हलक्या हाताने हं, कित्येक दिवसांनी झोपलाय तो."

खोतांनी छडी खाली ठेवली. जोमाच्या पायांशी गुडघे टेकले आणि त्या तळव्यांवर कपाळ टेकवलं, इतक्या हळुवारपणे की जोमाने झोपेत नुसती कूस बदलली.