शिवेवरच्या शिव्या

एकदा एक वृद्ध मध्यस्थ दोन ग्रामपंचायतींचे भांडण मिटवायला बसला होता. सोबत त्याचा शिष्य होता. वकिली शिकलेला, स्वभावाने सरळ, आणि बैठकांवर बैठका घेऊन मेटाकुटीला आलेला.

भांडण होते स्मशानाचे. माणसे कशावरून भांडतील याचा काही नेम नाही. स्मशानाची शेड खालच्या गावाच्या हद्दीत आणि तिथे नेणारा रस्ता वरच्या गावाच्या. डागडुजी कोणी करायची यावरून जुंपली. खालच्यांनी शेडला कुलूप घातले, वरच्यांनी रस्त्यात आडवा चर खणला. दोन्ही गावांची प्रेते ओढ्याकाठी उघड्यावर जळू लागली. परवाच एका म्हातारीची चिता पावसाने विझली आणि लेकाला आईला दुसऱ्यांदा अग्नी द्यावा लागला.

शिष्याने तोडगा काढला होता. एकाच दिवशी कुलूप निघावे, चर बुजावा, डागडुजी निम्मी निम्मी. दोघांनाही तो पटला, पण सही कोणी करीना.

“मला पटतंय हो,” खालच्या गावच्या सरपंच हौसाबाई म्हणाल्या, “पण गावात जाऊन सांगू काय? बाई नमली म्हणतील.”

“मला तर चावडीवर बसू द्यायचे नाहीत,” वरच्या गावचे सरपंच दत्तोबा म्हणाले.

शिष्याने हात टेकले. तोच वृद्धाने टेबलावर हात आपटला. “पुरे झालं. दोघांनाही काडीची अक्कल नाही. मढ्यांवर राजकारण करता? सोमवारी स्वतः उभे राहून कुलूप काढा, चर बुजवा. हा माझा हुकूम आहे. करा सह्या.”

शिष्य चपापला. मध्यस्थाला हुकूम देण्याचा अधिकारच नसतो, हे त्यानेच पहिल्या बैठकीत दोघांना समजावले होते. पण रागाने लाल झालेल्या दोघांनी सह्या ठोकल्या आणि ते बाहेर पडले.

“म्हातारं चळलंय,” अंगणात दत्तोबा म्हणाले.

“जिभेला हाड नाही मेल्याच्या,” हौसाबाई म्हणाल्या. बोलता बोलता दोघे एकाच जीपमध्ये बसले.

शिष्याला फार वाईट वाटले. “गुरुजी, जन्मभर मिळवलेला मान असा का घालवलात?”

वृद्धाने डोळे मिटले. “अरे, मला हुकूम देता येत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी त्यांनी तो मानला, कारण त्यांना तो हवाच होता. माघार घेतलेल्या माणसाला गावात परत जायचे असते. ‘आम्ही नमलो’ असे सांगत कोणी जात नाही. ‘म्हाताऱ्याने दमात घेतले’ असे सांगत जाता येते. शिवेवर शिव्या असायच्याच, बाबा. आजवर हे दोघे त्या एकमेकांना देत होते, आज मला दिल्या. मध्यस्थ म्हणजे दुसरे काय?”

“तुम्हाला लागत नाही?”

“लागते. इतकी वर्षे झाली, सवय होत नाही.”

सोमवारी कुलूप निघाले, चरही बुजला. गावात कोणीच नमले नव्हते. फक्त एक म्हातारा वाईट ठरला होता.

पुढे दोन नगरपालिकांच्या कचऱ्याचा वाद आला. दाराशीच शिष्य म्हणाला, “गुरुजी, आज शिव्या मी खातो.”

वृद्ध थकलेले हसू हसला. “खा. पण आधी तोडगा दोघांना पटू दे. नुसते ओरडणारे गावोगाव आहेत.”