मिटलेले ओठ

एकदा एक घड्याळे दुरुस्त करणारा गृहस्थ ऐन साठीत इंग्रजी बोलायला शिकू लागला. त्याची एकुलती मुलगी परदेशात वारली होती. मागे राहिलेल्या नऊ वर्षांच्या नातीला मराठी येत नव्हते, आणि तिची आई लहानपणी कशी होती हे सांगू शकणारा तो एकटाच उरला होता. दर रविवारी तो तिला फोन करी.

गावातले वृद्ध गुरुजी त्याला शिकवीत. दर दोन शब्दांमागे तो ‘ॲक्च्युअली’, ‘यू नो’, ‘आय मीन’ म्हणे. गुरुजी हसत, पण टोकत नसत. लाज त्यालाच वाटे. घड्याळातली धूळ काढावी तसे त्याने ते शब्द चिकाटीने काढून टाकले. अडलो की ओठ घट्ट मिटायचे, असा नियमच केला. तीन महिन्यांत बोलणे स्वच्छ झाले.

फोन मात्र लवकर संपू लागले.

“गुरुजी, आता एकही फालतू शब्द येत नाही तोंडात. तरी पोर मध्येच ‘बाय आजोबा’ म्हणते आणि ठेवून देते. कंटाळली असेल मला.”

गुरुजी म्हणाले, “तुझी लेक माझ्या वर्गात होती. एकदा परीक्षेच्या दिवशी ती...” आणि ओठ मिटून स्वस्थ बसले.

तो थांबला. बराच वेळ थांबला. म्हाताऱ्याला ग्लानी आली असावी असे वाटून त्याने हळूच चपला पायात सरकवल्या.

“निघालास? लेकीची गोष्ट अर्धी टाकून?”

“मला वाटलं, संपली.”

“नातीलाही तेच वाटतं, बाबा.”

तो उंबऱ्यातच खाली बसला.

“मराठीत अडलो की आपण ‘म्हणजे’, ‘ते आपलं हे’ म्हणत राहतो,” गुरुजी म्हणाले. “त्याला अर्थ काही नसतो. पण तेवढा वेळ ऐकणाऱ्याचा हात आपल्या हातात असतो. तू धूळ समजून तो हातच सोडलास. फोनवर तोंड दिसत नाही; तिथे गप्प झालेला माणूस निघून गेल्यासारखाच.”

“आणि... परीक्षेच्या दिवशी काय झालं होतं?”

“पेपर निम्मा लिहून उठली. मी रागावलो, तर म्हणते, ‘बाबा डबा विसरलेत, दुकानात पोचवायचाय.’”

हे त्याला कधीच कळले नव्हते.

रविवारी तो नातीला ही गोष्ट सांगू लागला. डब्यापाशी आला आणि थबकला.

“ॲक्च्युअली... यू नो... आय मीन...”

पुढचे इंग्रजी शब्द आठवत होते. तोंडातून निघत नव्हते. तो तेच तेच म्हणत राहिला. पलीकडे कोणी फोन ठेवला नाही.