चांद्याचा काळा कान

एकदा काय झालं, डोंगराच्या अगदी पायथ्याला एक गाव होतं. तिथं राही नावाची तेलीण राहायची. नवरा केरू घाण्यावर तेल काढायचा, राही ते दारोदार विकायची. घरात मूलबाळ नव्हतं. एकदा वाटेत तिला कुत्र्याचं पिल्लू सापडलं, डोळेही न उघडलेलं. राहीनं ते पदरात घेतलं, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलं. नाव ठेवलं चांद्या.

आता हा चांद्या साधासुधा नव्हता, बरं का. वाढत वाढत वासराएवढा झाला. त्याचा एक कान पांढरा, एक काळा. पांढऱ्या कानानं तो माणसांचं ऐकायचा, आणि काळ्या कानानं जमिनीच्या पोटातलं.

मग राहीला दिवस गेले. एकदा ती विहिरीवर पाण्याला निघाली, तर चांद्यानं तिचं लुगडंच दातांत धरलं. काळा कान ताठ उभा. सोडीना म्हणजे सोडीना. ती रागावली, ओरडली, आणि तेवढ्यात विहिरीचा काठ धाडकन आत गेला. त्या दिवसापासून तिला कळलं, काळा कान उभा राहिला की थांबायचं.

पुढं तिला मुलगी झाली. बायजा. झोळीत बायजा निजायची आणि झोळीखाली चांद्या.

मग एकदा राजा शिकारीला आला. दमला, आणि गावाबाहेरच्या जुन्या वडाखाली टेकला. कुठून तरी चांद्या धावत आला आणि राजाचा जोडा ओढायला लागला. शिपायांनी भाले उचलले. राजा हसला, म्हणाला, "थांबा रे, काय म्हणतंय ते बघू तरी." तो उठून चार पावलं गेला, आणि मागं जमीन खचली, वड कलला आणि त्याची फांदी कोसळली. केवढी, तर आपल्या घराएवढी.

राजा म्हणाला, "असं कुत्रं राजवाड्यातच हवं."

राहीला नाही म्हणता आलं असतं का? नसतं आलं. पण खरं सांगते पोरांनो, राजानं तिला जरीचं लुगडं दिलं, तिनं ते अंगावर धरून पाहिलं, आणि मग तिला फारसं रडू आलं नाही. चांद्या मात्र वळून वळून बघत गेला. राजानं त्याच्या गळ्यात चांदीची साखळी घातली. दवंडी पिटली, राजाचं कुत्रं जो घरात ठेवील, त्याच्या पायात बेड्या.

पाऊस ओसरत आला होता. डोंगर पाणी पिऊन पिऊन जड झाला होता. एका दुपारी राही बायजाला न्हाऊमाखू घालून दुपट्यात गुंडाळत होती, तर दारात चांद्या. तुटलेली साखळी गळ्यात लोंबतेय, चिखलानं माखलाय, छाती धपापतेय. आणि काळा कान ताठ उभा.

केरू घाबरला. "हाकल त्याला. शिपाई मागोमाग येत असतील. आपल्याला धरून नेतील."

राहीनं कान पाहिला होता, बरं का. नीट पाहिला होता. पण तिला बेड्या दिसायला लागल्या. तिनं बायजाला ओसरीवर ठेवलं आणि दगड उचलून मारला. "जा," म्हणाली, "तू आमचा नाहीस." चांद्या थोडा मागं सरला, पुन्हा आला. तिनं दुसरा मारला. तो पुन्हा आला, शेपूट हलवत. मग राहीनं डोळे मिटले आणि तिसरा मारला. तो बरोबर काळ्या कानावर बसला.

चांद्या केकाटला नाही. नुसता बघत राहिला तिच्याकडं. मग एकदम ओसरीवर चढला, दुपट्याची गाठ दातांत धरली आणि बायजाला घेऊन पळत सुटला.

राहीनं एकच किंकाळी फोडली. "पिसाळलं, कुत्रं पिसाळलं," म्हणत केरू काठी घेऊन धावला. मग शेजारी धावले, मग अख्खं गाव. बायका लेकरं कडेवर घेऊन आल्या, म्हाताऱ्यांना कुणी पाठुंगळी घेतलं, कारण पिसाळलेलं कुत्रं मागं फिरून रिकाम्या गावात शिरलं तर काय घ्या. चांद्या पुढं आणि गाव मागं. ओढा ओलांडला, शेतं ओलांडली, पलीकडचा माळ चढले. माळावर चांद्यानं बायजाला गवतात अलगद ठेवलं आणि तो बाजूला बसला.

लोकांनी काठ्या उगारल्या. तेवढ्यात मागं आवाज झाला. सगळे वळले. डोंगर खाली आला होता. गाव होतं तिथं नुसती लाल माती.

काठ्या खाली आल्या. राहीनं बायजाला उराशी घेतलं आणि चांद्याकडं हात केला. त्याच्या कानातून रक्त गळत होतं. तो उठला आणि लांब जाऊन बसला.

राजाला कळलं. तो स्वतः आला, चांद्याच्या गळ्यातली साखळी काढली, म्हणाला, "त्याला हवं तिथं राहू द्या." लोकांना वाटलं, आता हा राहीच्या घरी जाणार. नाही गेला. माळावर नवं गाव वसलं, तिथंच वेशीवर राहिला. दारोदार भाकरी खायचा, पण राहीचं दार तेवढं टाळायचा. काळा कान लोंबता राहिला, त्याला पुन्हा काही ऐकू आलं नाही.

राही रोज गरम भाकरी तुपात कुस्करून वेशीवर न्यायची. चांद्या हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. ती म्हणायची, "चुकलं रे माझं, खा." तो पांढऱ्या कानानं ऐकायचा सगळं. खायचा नाही.

मग बायजा चालायला लागली. तेव्हा राही तिच्या हातात भाकरी द्यायची आणि आपण लांब झाडाआड उभी राहायची. बायजाच्या हातून तो खायचा. सगळी खायचा. राही तिथूनच बघायची.

गाव सुखानं नांदलं. बायजा मोठी झाली, तिचं लग्न झालं. चांद्या म्हातारा होऊन मेला तेव्हा साऱ्या गावाला जेवण गेलं नाही. राहीही पुष्कळ जगली. सुखात होती म्हणतात, म्हणू दे.

चला, झाली गोष्ट. डोळे मिटा आता. पांघरूण घ्या नीट. रडायचं नाही, झोपायचं.