मुठीवरचा मोर

कुंभेरी नावाच्या राज्यात दावल शिकलगार तलवारी घडवायचा. हात असा की पोलादावर सोन्याच्या तारेची वेल बसवली, तर माशी येऊन फुलावर बसायची. खोटं वाटतंय? मग माशीला विचारा!

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की राजा नव्या तलवारींनी कोहळे कापायचा. जिच्या एका घावात कोहळ्याच्या दोन फाका, तीच तलवार दसऱ्याला राजाच्या कमरेला. हा मान दावलच्या आज्यापासून त्याच्याच घरात होता.

त्या वर्षीची तलवार तर नवमीच्या आधीच तयार. पातं लखलखीत, मुठीवर वेल. दावलच्या बायकोनं, बिबननं, मुठीच्या पोकळीत वितळलेली लाख ओतली, पात्याचं शेपूट त्यात रोवलं. लाख थंड झाली, मूठ घट्ट बसली. झालं काम!

पण नवमीच्या सकाळी शेजारचा तांबट कुंपणावरून ओरडला, "दावलभाई, ऐकलं का? निमगावच्या खंडूनं मुठीवर सोन्याचा वाघ काढलाय, वाघ!"

दावलनं आपल्या मुठीकडे पाहिलं. आपली नुसती वेल! त्यानं लगेच तार काढली. "बिबन, एक मोर बसवतो."

"अहो, मूठ बसलीय आता. मोर बसवायचा तर शेकावं लागेल. आत लाख आहे, विसरलात?"

"जरासंच शेकतो गं. लाखेला कळणारसुद्धा नाही."

लाखेला बरोबर कळलं. मोर असा नाचरा झाला की बघत राहावं! पण मुठीच्या तोंडातून लाखेचा लाल ओघळ बाहेर आला. दावलनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, नि अंगठ्यानं पुसून टाकला. तिकडे राजवाड्यावर पूजेचा नगारा वाजायला लागला होता. परत लाख भरत बसलं तर वेळ टळणार.

राजवाड्यापुढे ही गर्दी! राजा मोर बघून हरखला. तलवार उचलली. दावलच्या मनात आलं, सांगावं का? पण तो मोराकडेच बघत राहिला. राजानं दातओठ खाऊन घाव घातला आणि सर्रर्र! पातं मुठीतून सुटलं, कोहळ्यावरून उडालं, दिवाणजींचं पागोटं घेऊन पिंपळाच्या खोडात रुतलं. दिवाणजी डोकं चाचपत बसले. राजाच्या हातात नुसती मूठ. मोर मात्र जागेवर!

मग खंडूची तलवार आली. मूठ साधी, काळी. वाघ सोडा, उंदीरसुद्धा नव्हता. तांबट गालातल्या गालात हसत होता. खच्च! कोहळ्याच्या दोन फाका, नि मान गेला निमगावला.

राजानं मूठ दावलच्या हातात ठेवली. "घे. आता हिनं घरी भाजी चीर."

दावलची मान खाली. "महाराज, लाख वितळलेली मला दिसली होती. मीच पुसली."

"आणि बोलला नाहीस?"

"मोर फार छान झाला होता, महाराज."

तेव्हापासून मूठ बसली रे बसली, की बिबन तलवार घोंगडीत गुंडाळायची नि वर स्वतः ठाण मांडायची. म्हणायची, "आता बसवा मोर! आधी मला उठवून दाखवा!"

तात्पर्य: काम पुरं झालं की हात आवरावा, आणि हौसेपायी बिघडलंच, तर ओघळ पुसू नये, तोंड उघडावं.